फुलं नसताना झाड कसं ओळखायचं, अगदी पहिल्यापासून

झाडं ओळखायला शिकायचंय असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, फुलं कधी येतात त्याला? आणि ते बरोबरच आहे, बहावा पिवळा झाला किंवा पळस फुलला की लांबूनसुद्धा कळतं. पण ती फुलं टिकतात किती, काही आठवडे, आणि उरलेलं वर्षभर तेच झाड तिथेच उभं असतं आणि आपण त्याच्या शेजारून रोज जातो, तरी ओळख दाखवत नाही. मला स्वतःला साल, पान, कोंब आणि फळ बघून झाड ओळखण्यात जास्त मजा येते, कारण ते बाराही महिने जमतं. सगळं एकदम शिकायची गरज नाही, फक्त बघायचा क्रम ठरलेला पाहिजे. तो क्रम मी इथे सांगतोय.

सामान फार लागत नाही. एक वही, मोबाईलचा कॅमेरा, आणि जमलं तर दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. भिंग नक्की घ्याच असं मी म्हणेन, कारण पानाच्या बुडाशी असलेल्या बारीक गाठी, लव, शिरा हे सगळं त्यात दिसतं आणि बऱ्याच वेळा ओळख तिथेच पक्की होते.

पहिली पायरी : माहिती असलेल्या झाडापासून सुरू करा

हे ऐकायला विचित्र वाटेल पण अनोळखी झाडाकडे आधी जाऊ नका. तुम्हाला खात्रीने माहिती असलेलं एक झाड घ्या, समजा आंबा, आणि त्याला पहिल्यांदाच बघतोय असं समजून बघा. पानं एकाआड एक आहेत पण फांदीच्या टोकाला इतकी जवळजवळ की झुबकाच वाटतो, देठाचं फांदीकडचं टोक जरा फुगीर आहे, पान चुरगाळलं की कैरीचा वास येतो, नवीन पानं तांबूस आणि लुळी लोंबणारी असतात, जुनी गडद हिरवी आणि ताठ. हे सगळं आपण आयुष्यभर बघितलेलं असतं पण शब्दात कधी सांगितलेलं नसतं. असं पाच-सहा ओळखीच्या झाडांचं वर्णन वहीत लिहिलं ना की डोळ्याला सवय लागते, आणि मग अनोळखी झाडासमोर गेल्यावर नक्की काय बघायचं ते आपोआप सुचतं.

दुसरी पायरी : पान कुठे संपतं ते ठरवा

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे चुकतो. मीसुद्धा सुरुवातीला कडुलिंबाची एक छोटी पात हातात धरून तेच पान समजायचो आणि मग पुस्तकातल्या वर्णनाशी काहीच जुळायचं नाही. कडुलिंबाचं पान म्हणजे ती अख्खी काडी, दोन्ही बाजूंना दहा-पंधरा पाती असलेली. त्या प्रत्येक पातीला पर्णिका म्हणतात, आणि अशा पानाला संयुक्त पान. आंबा, वड, जांभूळ यांचं पान साधं, म्हणजे एका देठाला एकच पातं.

मग कळणार कसं की हातात आहे ते पान आहे का पर्णिका? कोंब शोधायचा. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात एक छोटासा मिटलेला कोंब असतो, कधी टपोरा, कधी टाचणीच्या डोक्याएवढा, पुस्तकात त्याला मुकुल म्हणतात. पर्णिकेच्या बुडाशी असा कोंब कधीच नसतो. तर पर्णिकेपासून मागे मागे जायचं, काडीच्या सुरुवातीपर्यंत, आणि जिथे बेचक्यात कोंब सापडेल तिथून पान सुरू होतं. एवढी एक गोष्ट पक्की झाली की निम्मा गोंधळ संपतो, खरंच सांगतो.

संयुक्त पानांचेही प्रकार आहेत. काडीच्या दोन्ही बाजूंना पिसासारख्या पर्णिका असल्या तर कडुलिंब, करंज, बहावा, चिंच असे. काडीला पुन्हा उपकाड्या फुटून त्यांच्यावर बारीक बारीक पर्णिका असल्या तर गुलमोहर, शिरीष, बाभूळ, सुबाभूळ. हाताच्या बोटांसारख्या एकाच बिंदूतून निघाल्या तर सावर, गोरखचिंच, जंगली बदाम. आणि तीनच पर्णिका असल्या तर पळस किंवा पांगारा, बेलही त्यातच.

तिसरी पायरी : पानं फांदीवर कशी बसलीत

एकाआड एक, समोरासमोर, का एकाच गाठीवर गोल चक्रासारखी? बऱ्याचशा झाडांची पानं एकाआड एकच असतात, त्यामुळे समोरासमोर दिसली की लगेच यादी छोटी होते. साग, जांभूळ, पेरू, कदंब, चंदन, पारिजातक हे समोरासमोरवाले. चक्रासारखी पानं असलेलं ओळखीचं झाड म्हणजे सप्तपर्णी, पण तिची पानं मोजायला गेलात तर दर वेळी सात भरतीलच असं नाही, चार-पाचही असतात, त्यामुळे नावावर अडून बसू नका. एक काळजी घ्या, फांदीच्या अगदी शेंड्याला पानं दाटीने असतात, तिथे सगळीच झाडं समोरासमोर वाटतात, म्हणून शेंड्यापासून थोडं खाली येऊन बघा.

चौथी पायरी : पान हातात घेऊन

एकच पान घ्या, ओरबाडू नका. कडा दातेरी आहे का सरळ, टोक कसं आहे, बूड दोन्ही बाजूंना सारखं आहे का तिरकं, खालच्या बाजूला लव आहे का. मग उजेडाकडे धरा. जांभळाचं पान असं धरलं तर कडेच्या अगदी जवळून कडेला समांतर जाणारी एक शीर दिसते आणि भिंगातून बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, ती तेलाची ठिकाणं, म्हणूनच पान चुरगाळलं की वास येतो. पेरू आणि निलगिरी त्याच कुळातले, त्यांच्याही पानाला चुरगाळल्यावर स्वतःचा वास आहे.

सागाचं कोवळं पान दोन बोटांत चोळून बघा, बोटं लाल होतात, कुंकू लागल्यासारखी. पान मोठं आणि खरखरीत, कोवळी फांदी चौकोनी आणि बोटांवर लाल रंग, एवढं जमलं की साग ठरला, दुसरं काही बघायची गरज नाही.

देठ मोडल्यावर पांढरा चीक येतो का हेही बघायचं. वड, पिंपळ, उंबर, फणस हे सगळे चीकवाले आणि एकाच कुळातले. सप्तपर्णी आणि मोह यांनाही चीक आहे पण त्यांची कुळं वेगवेगळी. चीक डोळ्याला लावायचा नाही, हात धुवायचे, आणि ओळख पटायच्या आधी कशाचीही चव घेऊन बघायची नाही, हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय. पिवळी कण्हेर सगळीच्या सगळी विषारी आहे, बिब्ब्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते, आणि कांडोळाच्या फळांवर टोचणारे केस असतात. वासाने आणि नजरेने भरपूर कळतं, जिभेचं काम नाही.

पाचवी पायरी : कोंब

याकडे फार कमी लोक बघतात आणि मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. पिंपळाच्या फांदीचं टोक जवळून बघा. एक लांबट, टोकदार, घट्ट गुंडाळलेली सुरळी असते. तिच्यावर जे पातळ आवरण असतं ते उपपर्ण, म्हणजे पानाच्या देठाच्या बुडाशी येणारा पानासारखाच छोटा भाग. आतलं पान उलगडायला लागलं की ते आवरण गळून पडतं आणि फांदीवर तिथे गोल अंगठीसारखी रेघ राहते. जुन्या पानांच्या जागी अशा अंगठ्या एकाखाली एक मोजता येतात. चीक आणि अंगठी दोन्ही असेल तर तुम्ही वड-पिंपळ-फणसाच्या कुळात आहात हे जवळपास नक्की. अंगठी आहे पण चीक नाही, असं असेल तर सोनचाफा आठवून बघा, त्याच्या फांदीवरही अशीच रेघ असते.

पुढे वड का पिंपळ का उंबर हे सोपं आहे. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी, देठ लांब आणि सडपातळ म्हणून वारा नसल्यासारखा असला तरी पान हलतं. वडाचं पान जाड, चामड्यासारखं, टोक बोथट, आणि फळं लाल, देठाच्या बेचक्यात जोडीजोडीने बिनदेठाची चिकटलेली. पारंब्या दिसल्या तर उत्तमच पण छोट्या वडाला त्या नसतात, म्हणून नुसत्या पारंब्यांवर विसंबू नका. उंबराची फळं थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसाने लागतात, आणि त्याच्या पानांवर बऱ्याचदा फोडांसारख्या गाठी असतात. त्या गाठी किड्यामुळे झालेल्या असतात, पण इतक्या वेळा दिसतात की ओळखायला उपयोगी पडतात. करंजाचंही तसंच, चकचकीत हिरव्या पर्णिकांवर पांढरट नागमोडी रेघा आणि डाग दिसले की मी शेंग शोधायला लागतो, आणि जाडसर, चपटी, टोकाला वाकडी चोच असलेली, आत बहुतेक एकच बी असलेली शेंग सापडतेच.

पानगळीच्या दिवसात तर कोंब आणि पानाचे व्रण एवढंच हातात राहतं. पान गळाल्यावर फांदीवर त्याची खूण राहते, महारुखाच्या फांदीवर या खुणा चांगल्या मोठ्या आणि ठसठशीत असतात, पांढऱ्या चाफ्याच्या जाड बोटासारख्या फांद्यांवरही. फुलं यायच्या आधी पळसाच्या कळ्या गडद तपकिरी, मखमली असतात आणि सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर गोल टपोऱ्या कळ्या बसलेल्या असतात, त्या दोन्ही एकदा बघितल्या की विसरत नाहीत.

सहावी पायरी : साल

साल का फाटते हे आधी समजून घेतलं तर बघायला सोपं जातं. खोड आतून जाड होत जातं, पण बाहेरची साल मेलेली असते, ती ताणली जात नाही. मग ती एकतर उभी फाटते, किंवा चौकोनी तुकड्यात तडकते, किंवा पापुद्रे होऊन गळते. प्रत्येक झाडाची पद्धत ठरलेली असते. पण वय महत्त्वाचं, कोवळ्या झाडाची साल गुळगुळीत आणि म्हाताऱ्याची खडबडीत असं जवळपास सगळीकडेच असतं, म्हणून मोठं वाढलेलं झाड निवडा आणि छातीच्या उंचीवर बघा. झाडाचा घेर मोजतात तोही जमिनीपासून साधारण १.३ मीटरवरच, कारण बुंध्याशी खोड बऱ्याचदा फुगलेलं असतं.

सालीवरून ओळखायचं उत्तम उदाहरण म्हणजे ऐन आणि अर्जुन. दोघं अगदी जवळचे भाऊ, एकाच प्रजातीसमूहातले, दोघांच्या फळाला पाच पंख. ऐनाची साल काळपट राखाडी, खोल भेगांनी चौकोन चौकोन पडलेली, अगदी मगरीची पाठ. अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढरट-गुलाबीसर, आणि तिचे मोठे पातळ तुकडे गळून पडतात. लांबूनच कळतं. तरी खात्री करायची असेल तर खाली पडलेलं फळ उचला, ऐनाचे पंख रुंद आणि त्यांच्यावरच्या रेघा आडव्या सरळ कडेपर्यंत जातात, अर्जुनाचे पंख अरुंद आणि रेघा वरच्या बाजूला वळलेल्या. आणि ऐनाचं पान उलटं करून देठाजवळ बघा, मधल्या शिरेवर छोट्या गाठी असतात, भिंगातून छान दिसतात. मी पहिल्यांदा त्या बघितल्या तेव्हा कितीतरी वेळ तेच पान उलटंसुलटं करत बसलो होतो.

बाकीच्या साली थोडक्यात. कांडोळाची पांढरी, कागदासारखी सुटणारी, रात्री चमकते म्हणून त्याला भुत्या म्हणतात. पेरूची गुळगुळीत, तपकिरी-हिरवट पट्टे असलेली. निलगिरीची लांब पट्ट्यांनी सोलवटणारी. बाभळीची काळी, उभ्या भेगांची, तर हिवराची पिवळट-पांढरी, काटे दोघांनाही. शिरीषाची गडद आणि भेगाळ, पण त्याच्याच जवळच्या किन्हईची गुळगुळीत, फिकट. सावरीच्या तरुण खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात आणि म्हाताऱ्या झाडावर ते खालून नाहीसे होत जातात, म्हणून काटे नाहीत म्हणजे सावर नाही असं लगेच ठरवू नका, वर फांद्यांकडे बघा.

साल कधीही खरवडू किंवा कापू नका. आतला रंग बघायचा मोह होतो, पण सालीच्या लगेच आतून झाडाचं अन्न वाहत असतं, तिथली जखम झाडाला परवडत नाही.

सातवी पायरी : फळ, आणि जमिनीकडे बघणं

फळ बघायला वर बघायची गरजच नसते पुष्कळदा. झाडाखाली मागच्या सिझनच्या शेंगा, बोंडं, बिया पडलेल्या असतात. वावळाच्या बिया गोल कागदी चकतीत मधोमध असतात, बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी मध्ये मध्ये आवळलेली, शिरीषाची चपटी, वाळक्या गवताच्या रंगाची, वाऱ्यात खुळखुळणारी, बहाव्याची काळी गोल नळी, पळसाची चपटी शेंग आणि बी एकच, तेही अगदी टोकाला. तामणाची लाकडी गोल बोंडं उकलून वर्षभर फांदीवरच राहतात.

पण जमिनीवरची गोष्ट शेजारच्या झाडाचीही असू शकते, वाऱ्याने आलेली असू शकते. म्हणून तेच फळ फांदीवर दिसतंय का ते एकदा बघाच. आणि वर वेगळीच पानं दिसली तर बांडगूळ किंवा वेल नाही ना तेही तपासा, आंब्यावर बांडगूळ असलं की नवीन माणूस हमखास कन्फ्युज होतो. बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांची पानंही फसवतात, ती नेहमीपेक्षा मोठी आणि वेगळ्या शेपची असतात. ऑस्ट्रेलियन बाभळीचं तर फारच नवल आहे, तिच्या रोपाला सुरुवातीला बाभळीसारखी खरी संयुक्त पानं येतात आणि नंतर ती बंद होऊन देठच चपटे होतात, जे आपल्याला पान वाटतं तो देठ असतो, त्यात शिरा समांतर दिसतात.

एक गुंता पूर्ण सोडवून बघू : गुलमोहर, सोनमोहर, नीलमोहर

हे तिघं फुलात असताना लहान मूलही सांगेल, लाल, पिवळा, जांभळा. फुलं नसताना तिघांचीही पानं जाळीदार, पिसासारखी, दोनदा विभागलेली. मग काय करायचं? आधी तिसरी पायरी. पानं समोरासमोर असली तर नीलमोहर, बाकी दोघांची एकाआड एक. नीलमोहराचं फळही वेगळं, गोल चपटी लाकडी डबी, दोन शिंपल्यांसारखी उघडणारी. आता उरले दोन. फांदीचा शेंडा आणि कोवळे देठ बघा, गंज चढल्यासारखी तांबूस मखमल असली तर सोनमोहर. गुलमोहराचा शेंडा हिरवा, आणि देठाच्या बुडाशी बारीक पिसासारखी उपपर्णं, भिंग लावा म्हणजे दिसतील. शेंगा असतील तर प्रश्नच मिटला, गुलमोहराच्या लाकडासारख्या कडक, हातभर लांब तलवारी, सोनमोहराच्या बोटाएवढ्या, चपट्या, तांब्याच्या रंगाच्या, झाडभर. तिघंही बाहेरून आलेले, गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सोनमोहर आग्नेय आशियातला आणि नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला.

अशीच दुसरी जोडी कडुलिंब आणि बकाण निंब. कडुलिंबाचं पान एकदाच विभागलेलं, पर्णिका कोयत्यासारखी वाकडी. बकाणाचं दोनदा-तीनदा विभागलेलं, आणि पानं गळाल्यावरही पिवळ्या सुरकुतलेल्या फळांचे घोस झाडावर लटकत राहतात. आणि अशोकाचंही सांगतो, कारण ही चूक सगळीकडे दिसते. सरळसोट उंच, लांब पानांच्या कडा नागमोडी असलेला तो खोटा अशोक, त्याचं पान साधं. खऱ्या सीता-अशोकाचं पान संयुक्त असतं आणि कोवळी पानं तांबूस, मऊ, कापडाच्या झिरमिळ्यांसारखी लोंबतात.

ॲप आणि नावं

फोटोवरून नाव सांगणारी ॲप वापरायला हरकत नाही पण त्यांना एकच फोटो देऊ नका. पूर्ण झाड, छातीच्या उंचीवरची साल, पानं कशी बसलीत ते दिसेल अशी फांदी, पान वरून आणि खालून, कोंब, फळ, एवढे फोटो काढा, शेजारी बोट ठेवा म्हणजे साइज कळतो. ॲपने दिलेलं नाव हा अंदाज समजा आणि वरच्या पायऱ्यांवर तपासा, पानं समोरासमोर असताना ॲप गुलमोहर म्हणत असेल तर ॲप चुकतंय.

आणि शास्त्रीय नाव सोबत लिहायची सवय लावा. एकाच झाडाला चार गावात चार नावं असतात आणि एकच नाव दोन झाडांना असतं, बदाम म्हटलं की कोणाला देशी बदाम आठवतो, कोणाला जंगली बदाम, आणि त्यांचा आपसात काही संबंध नाही. लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली ती पद्धत आजही चालू आहे, पिंपळाचं फायकस रिलिजिओसा हे नाव तेव्हापासूनचंच.

वहीतली नोंद कशी असावी हे विचाराल तर माझ्याच वहीतली एक देतो. पहिल्या भेटीत लिहिलं होतं, "पान एकही नाही. खोड सरळ, राखाडी, खालच्या भागात गुळगुळीत, वर शंकूसारखे काटे. फांद्या मजल्यामजल्याने आडव्या. बुंध्याला फळ्यांसारखे आधार. कळ्या नाहीत, खाली काही नाही. अंदाज सावर, खात्री नाही." त्याखाली जागा सोडली होती. एप्रिलमध्ये परत गेलो तेव्हा तिथे लिहिलं, "जमिनीवर कापूस. उकललेलं बोंड, पाच फाका. शेंड्याला कोवळं पान, पर्णिका पाच, एक सहावाली. सावरच."